वरमाईच्या केसांची इस्त्री

आमच्या घरात केसांची वाटणी उघडउघड अन्यायाने झाली होती. अक्काला सरळ, मऊ, काळेभोर केस. विंचरायला घेतले की फणी वरून निघायची ती थेट कमरेपाशी थांबायची. माझ्या डोक्यावर मात्र दाट, राठ, कुरळं रान. शाळेच्या वेळेला अक्का मला दोन गुडघ्यांत दाबून बसवायची आणि फणी चालवायची, मी गल्ली गोळा होईल इतकी ओरडायचे. शेजारणी मला 'चिमणीचं घरटं' म्हणायच्या. त्यांच्या अंगणात मी दगड टाकून आले आहे, एकदा नाही, अनेकदा.

त्यामुळे नोकरी लागल्यावर मी जी पहिली चैन केली ती केस सरळ करायच्या यंत्राची. लोक त्याला स्ट्रेटनर म्हणतात, आमच्याकडे सरळ 'केसांची इस्त्री' म्हणतात. इतकी वर्षं ती फिरवून या विषयात मला सगळं कळतं असा माझा समज झाला होता. तो अक्काने उतरवला.

अक्का मोडनिंबची सून. दोन वर्षांपूर्वी तिला स्तनाचा कॅन्सर झाला. उपचार सोलापुरात, म्हणून राहायला माझ्याकडे. दुसऱ्या केमोनंतर तिचे केस उशीवर, ताटात, साडीच्या निऱ्यांत सापडू लागले, तेव्हा तिने स्वतःच मला वस्तरा आणायला सांगितला. उपचार संपले. काही महिन्यांनी केस परत आले, आणि आले ते कुरळे. अशा उपचारांनंतर कधी कधी असं होतं, पुढे सरळही होतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अक्का आरशासमोर उभी राहून म्हणाली, "अगं, हे तर तुझं केस. माझ्याकडं कसं आलं?" आणि हसली. मीही हसले. मग ती न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवून बसली.

त्याच सुमारास तिच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगी करमाळ्याकडची, शिकलेली, घरचे साधे. सगळं छान होतं, एक सोडून. मुलीकडच्यांना अक्काच्या आजाराबद्दल काही सांगितलेलं नव्हतं.

हा निर्णय अक्काच्या नणंदेचा. बाई प्रेमळ आहेत, अक्काच्या आजारपणात घर त्यांनीच सांभाळलं. पण एकदा त्यांनी ठरवलं की घरात दुसऱ्याने ठरवायचं काही उरत नाही. "लोक काय म्हणतील? सासूचं आजारपण काढायला आमची पोर नेता व्हय, असं म्हणतील आन् मोडतील," त्या म्हणाल्या. मुलगा सांगायला निघाला होता. अक्काने त्याला स्वतःची शपथ घातली. मी चिडले, नणंदबाईंशी भांडले, चार दिवस त्यांना फोन केला नाही. "हे लपवणं तुझ्या अंगाशी येणार," असं मी अक्काला तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "माझ्यापायी पोराचं लगीन मोडलं तर मी आजारातनं उठून काय केलं?" मग मीही तोंड न उघडण्याचं कबूल केलं.

बोलणी, साखरपुडा, सगळं अक्काने केसांचा टोप घालून निभावून नेलं. पण लग्नात टोप चालणार नव्हता, कारण लग्नात झाल असते. वेताच्या टोपलीत कणकेचे दिवे पेटवायचे आणि मुलीच्या आईवडिलांनी ती टोपली वरपक्षाच्या एकेकाच्या डोक्यावर टेकवत 'आमची लेक तुमच्या ओटीत घातली' म्हणायचं. पहिला मान वरमाईचा. भरल्या मांडवात, व्हिडिओवाल्याच्या उजेडात, टोपलीच्या भाराने टोप सरकला तर? अक्काला तेव्हा झोपेतही तेच दिसायचं.

मग मार्ग निघाला गंगावनाचा. केसांचा तयार झुबका आपल्या केसांत ओवून अंबाडा घालायचा, वर गजरा माळायचा. पूर्वी सगळ्याच बायका घालायच्या. अक्काचे केस आता वीतभर झाले होते, गंगावन धरतील इतके. अडचण एकच. गंगावन सरळ आणि कपाळावरचे केस कुरळे, म्हणजे जोड लांबूनसुद्धा दिसणार. पुढचे केस सरळ करायलाच हवे होते.

"त्यात काय एवढं," मी म्हणाले आणि माझी इस्त्री काढली. अक्काची एक बट हातात घेतली आणि तशीच थांबले. माझ्या केसाला बोटांत धरलं तर तो तारेसारखा लागतो. हा केस हाताला लागतच नव्हता. तान्ह्या बाळाच्या जावळासारखा. माझ्या इस्त्रीला कमीजास्त तापमान असा प्रकारच नाही, लावली की ती भट्टीसारखी तापते. या केसावर ती फिरवली असती तर बट माझ्या हातातच राहिली असती. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, रंग नको, केमिकल नको, एखाद्या दिवसापुरती इस्त्री चालेल, पण अगदी कमी गरम आणि टाळूपासून लांब.

मी नवी पेठेतल्या दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाने माझ्या डोक्याकडे बघितलं आणि क्षणात एक लांबरुंद यंत्र पुढे केलं. "ताई, टायटॅनियम प्लेट. दोनशे तीस डिग्री. एका फटक्यात काम."

"माझ्यासाठी नाही. केस बारीक आहेत. नाजूक."

"मग तर अजून लवकर होतील की."

लवकर होतील, हे खरं होतं. लवकर जळतील, हेही खरं होतं. मी त्याला एकेक खोका उघडायला लावला. टायटॅनियम झटकन आणि खूप तापतं, ते माझ्यासारख्या राठ केसांचं काम. बारीक केसाला सिरॅमिकची पट्टी बरी, ती सगळीकडे सारखी तापते, मध्येच एखाद्या जागी चटका देत नाही. पट्टी अरुंद हवी, नाहीतर वीतभर केस पकडताना कपाळ भाजतं. आणि तापमान आपल्या हातात हवं, अगदी खालपासून. "हे गुलाबी घ्या, लेडीज लोकांना हेच आवडतं," तो म्हणाला. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तो खोका आपणहून आत ठेवला. शेवटी कोपऱ्यातून धूळ बसलेलं एक अरुंद सिरॅमिकचं यंत्र निघालं, आकडा फिरवता येणारं. मी तिथेच लावायला लावलं, पट्टीत पातळ कागद धरला. कमी आकड्यावर कागद पांढराच राहिला. माझे खांदे तेव्हा कुठे खाली आले.

घरी अक्काच्या मानेवरची, कुणाला दिसणार नाही अशी एक बट घेऊन बघितली. केस पूर्ण कोरडे, उष्णतेपासून जपणारं क्रीम बोटाला लागेल न लागेल इतकं, एकदाच वरून खाली. बट सरळ झाली. अक्का ती बोटात धरून कितीतरी वेळ चाचपत राहिली. मी तिला बजावलं, "लग्नाच्या सकाळी केस धुवायचे, वाळवायचे आणि मी येईपर्यंत डोक्याला कुणी हात लावायचा नाही."

कार्यालय सोलापुरातच होतं. मे महिना, त्यात सोलापूरचं ऊन, सकाळीच भिंती तापलेल्या. आदल्या संध्याकाळी हळद झाली, नवरदेवाबरोबर आईवडिलांनाही पाटावर बसवून हळद लावली. डोक्याला तेलही लागलं, पण ते मी धरूनच चालले होते. सकाळी मी स्वतः अक्काचे केस धुतले, पुसले, वाळवले. वरपक्षाच्या खोलीत मी, अक्का आणि तिची नणंद, एवढ्याच. दाराला आतून कडी. सगळं बेतल्याप्रमाणे चाललं होतं, आणि खोलीतलं प्लगचं बटण बिघडलेलं निघालं. मी कार्यालयाच्या माणसाला शोधायला बाहेर गेले. तो सापडला, त्याच्याशी भांडले, एक्स्टेन्शनची वायर घेऊन परत आले. कडी पुन्हा लावली. यंत्र तापलं. अक्काच्या कानामागची बट घाईत फणीच्या टोकाने उचलून मी पट्टी मिटली.

चर्र असा आवाज झाला. पट्टीतून धूर निघाला आणि अक्का "आई गं" म्हणून पाटावरून उठलीच. खोलीत जळक्या केसांचा वास भरला. मी यंत्र फेकलं आणि तिच्या केसांतून बोटं फिरवली. बोटं तेलाने चिंब.

"तेल कुणी लावलं?"

नणंदबाई गजरे सोडवत होत्या. त्यांनी सरळपणे मान वर केली. "म्या लावलं. धोतराला इस्त्री करताना पानी शिंपडतो की न्हाय आपण? तसं. कोरडं हुतं केस. म्हटलं जरा ओलं केलं की नीट बसत्याल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. कापडावर पाणी असतं, ते वाफ होऊन जातं; तेल तापतं आणि केस तळून काढतं, हे मी ओरडून सांगत होते. नणंदबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "मला काय ठावं गं," एवढंच त्या म्हणत राहिल्या. अक्का कानामागे हात धरून बसली होती. हात काढला तर तिथे लालभडक चट्टा, आणि मी पकडलेली बट बोटभर तोकडी झालेली.

"राहू दे," अक्का म्हणाली. "टोपच घालते."

"आणि झाल?"

बाहेर सनई सुरू झाली होती.

तेल काढायला शांपू पुरेना. मी नणंदबाईंना आचाऱ्याकडे पिटाळलं. त्या धावत गेल्या आणि पदराखाली वाटीभर बेसन घेऊन आल्या. न्हाणीघरात अक्काला वाकवून मी बेसन चोळलं, धुतलं, पुन्हा चोळलं, पुन्हा शांपू. माझी पैठणी गुडघ्यापर्यंत भिजली. अक्काचं डोकं माझ्या दोन्ही हातांत होतं, इतकं लहान वाटत होतं ते. मला भयंकर काळजी वाटत होती. लग्नाची नाही, तिचीच. आजारपणातसुद्धा ती इतकी गप्प कधी झाली नव्हती.

तेवढ्यात दार वाजलं.

"विहीणबाई, उघडा की. पाय धुवायला आलोय आमी."

मुलीची आई. ताट, तांब्या आणि मागे दहा बायका. खोलीत वरमाय खांद्यावर टॉवेल घेऊन उभी, कुरळे केस टाळूला चिकटलेले, पलंगावर गंगावन मोकळं पडलेलं. नणंदबाई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. "नेसायल्यात वैनी! आलोच!"

"कसला वास येतोय वो?"

"धूप लावलाय," नणंदबाई म्हणाल्या.

बायका बाहेरच थांबल्या. त्यांचं बोलणं, बांगड्या, ताटातल्या तांब्याचा आवाज, सगळं आत ऐकू येत होतं. मी ड्रायर लांब धरून केस वाळवत होते, आणि घाई केली तर संपलं, हे स्वतःला सांगत होते. ओल्या केसावर पट्टी मिटली तर पुन्हा तेच. बोटांना पूर्ण कोरडं लागेपर्यंत मी थांबले. मग क्रीम. मग पातळ पातळ बटा, एकेकीवर एकदाच. या वेळी आवाज झाला नाही. कपाळावरचे केस सरळ झाले, भांग पडला, गंगावन ओवलं, अंबाडा, आकडे, गजरा. कानामागच्या चट्ट्यावर नणंदबाईंनी मलम लावलं, आणि लावताना त्या रडत होत्या.

दार उघडलं. मुलीच्या आईने अक्काकडे बघितलं आणि मोकळेपणी म्हणाली, "छान दिसताय की वो!" अक्का हसली. त्या बाईने खाली बसून तिचे पाय धुतले, पुसले, कुंकू लावलं. अक्काची नजर त्या वाकलेल्या डोक्यावरून हलली नाही.

अक्षता पडल्या. मी लग्न बघितलंच नाही, मी अक्काचं कपाळ बघत होते. मांडवात पंखे गरम वारा फिरवत होते आणि घामाने तिच्या कानशिलावरची एक बट हळूहळू वळू लागली होती. मी दोनदा जाऊन तिचा पदर पुढे ओढला. एकदा दाजी म्हणाले, "काय चाललंय तुमचं?" मी त्यांना सरबत प्यायला पाठवलं.

मग झाल. अक्का पाटावर बसली. मी तिच्या मागे गुडघ्यावर बसून पदराखालून अंबाडा धरला. भटजींनी मंत्र म्हणायला सुरुवात केली, दिवे पेटवले, मुलीच्या आईवडिलांनी टोपली उचलून अक्काच्या डोक्यावर टेकवली. माझ्या तळहाताला भार जाणवला. गंगावन जागेवर राहिलं. आकडे हलले नाहीत. निभावलं, असं मला वाटलं, आणि डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांच्याच डोळ्यांत आलं होतं, झालीला सगळे रडतातच. मुलीचे वडील तर तोंड फिरवून उभे होते.

मुलीची आई रडत रडत म्हणाली, "लई जिवापाड वाढवलीय वो. आता तुमच्या ओटीत घातली. आईवानी सांभाळा. जन्मभर सांभाळा."

यावर 'व्हय' म्हणायचं असतं. मागून मी अक्काच्या पाठीला बोट लावलं. मांडवातल्या बायका वाट बघत होत्या. माझ्या हातातली तिची मान ताठ झाली.

"विहीणबाई," ती हलक्या आवाजात म्हणाली, "मला कॅन्सर झाला हुता. दोन वर्सं झाली. हे केस बी माझं न्हाईत, गंगावन हाय. औषध संपलंय, डॉक्टर बरं म्हणत्यात. पर जन्मभर म्हणायला माझ्या जिभेला धीर हुईना."

सनई चालू होती, भटजी मंत्र म्हणत होते. हे ऐकलं ते मी, शेजारच्या पाटावरच्या नणंदबाईंनी आणि समोर टोपली धरलेल्या त्या बाईने. नणंदबाईंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता ती टोपली उचलेल आणि मांडवात बोलेल, आणि तिने तसं केलं असतं तर मी तिला नावं ठेवू शकले नसते.

तिचं रडणं थांबलं होतं. टोपलीच्या काठावरची बोटं आवळलेली. "आता सांगता व्हय?" ती दात आवळून म्हणाली. "अक्षता पडल्यावर?"

"व्हय. आदी धीर झाला न्हाय."

"माझ्या लेकीला ठावं हाय?"

"न्हाय. पोरगा सांगणार हुता. मी शपथ घातली त्याला."

दिव्यांची धग मला मागे जाणवत होती. मुलीच्या वडिलांनी वळून विचारलं, "काय झालं गं?" ती नवऱ्याला म्हणाली, "काय न्हाय. तुमी नीट धरा." आणि पुन्हा अक्काकडे वळली. राग चेहऱ्यावर तसाच होता. तो तिने लपवला नाही.

"पुढली तपासणी कवा हाय?"

"दिवाळीच्या आदी."

"माझी लेक येईल संगं. तिला न सांगता दवाखान्याची पायरी चढायची न्हाय. आजच सांगायचं तिला, तुमच्या तोंडानं. एवढं मला कबूल करा."

अक्काच्या मानेतला ताठा गेला, इतका की टोपली कलली आणि त्या बाईनेच ती सावरली.

"व्हय," अक्का म्हणाली.